शिबिर झाले, फोटो निघाला. रक्तदाब उतरला का?

शासकीय कचेरीत आरोग्य शिबिर भरले की त्याची बातमी ठरावीक साच्यात येते. दीपप्रज्वलन, साहेबांचे दोन शब्द, तपासणीस आलेल्या डॉक्टरांचा गुलाबपुष्प देऊन सत्कार आणि शेवटचे वाक्य : 'शिबिराचा इतक्या कर्मचाऱ्यांनी लाभ घेतला.' वाचणारा पान उलटतो. 'लाभ घेतला' म्हणजे नेमके काय झाले? कोणाचा रक्तदाब उतरला? कोणाची तंबाखू सुटली? ज्याची साखर वाढलेली निघाली तो पुढे डॉक्टरांकडे गेला का? हे बातमीत नसते आणि बहुधा कार्यालयाच्या नस्तीतही नसते.

शिबिरांची टवाळी करण्याचा या लेखाचा हेतू नाही. शिबिरात पहिल्यांदाच मधुमेह कळलेले आणि त्यामुळे डोळे व मूत्रपिंड वाचलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरच्या पाहण्यात असतात. मुद्दा असा, की जो पैसा आणि जो दिवस आपण खर्च करतो त्याचा हिशेब मांडायची सवय आपल्याला नाही. पगाराचा, पेट्रोलचा, कागदाच्या रिमांचा हिशेब होतो. आरोग्याचा का होऊ नये? आपल्या जिल्ह्यात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, एस.टी. कर्मचारी, परिचारिका आणि कारकून यांची एवढी मोठी संख्या आहे, की हा विषय घरोघरचा आहे. म्हणून आज कचेरीतल्या आरोग्य कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करावे आणि तो सुधारावा कसा, याचा विचार करू.

सरकारने काय दिले आहे?

कर्मचाऱ्यांसाठी काहीच नाही, अशी तक्रार करता येणार नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना वयाच्या ४० ते ५० या काळात दोन वर्षांतून एकदा आणि ५१ नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणीची सोय असून ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. २०२१ साली केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणीच करता येईल असा पाच मिनिटांचा योग, 'वाय-ब्रेक', पुढे आणला आणि केंद्रीय कार्यालयांना तो अमलात आणण्यास सांगण्यात आले. २०२५ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने शासकीय कार्यालयांतून खाद्यपदार्थांतील तेल आणि साखर किती हे दाखवणारे फलक लावण्याचे आवाहन केले.

ही सगळी 'दिले' या रकान्यातली नोंद झाली. समोरचा 'मिळाले' हा रकाना कोरा आहे. तपासणीची सोय आहे. परंतु तुमच्या कार्यालयातील पात्र लोकांपैकी किती जणांनी ती गेल्या वर्षी वापरली, असे विचारले तर उत्तर देता येईल का? शनिवारची सुटी मिळाली. पण तिच्या बदल्यात रोजची कार्यालयीन वेळ पाऊण तासाने वाढून सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली. त्या सुटीत माणूस चालायला गेला की दूरचित्रवाणीसमोर आणखी बसला, यावर तिचा आरोग्याला झालेला फायदा अवलंबून आहे.

बसून काम करणाऱ्याचा आजार

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५३ साली, लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या बसच्या चालक आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसात दुमजली बसच्या शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. एकाच नोकरीतली ही दोन माणसे. पण हृदयविकार चालकांत जास्त आणि वाहकांत कमी आढळला. टपाल खात्यातही हेच दिसले. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनांना हृदयविकाराचा त्रास अधिक होता. व्यायामाचे महत्त्व जगाला पटवणारे हे पहिले मोठे काम. आणि ते झाले सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांवरच.

या गोष्टीला एक उपकथा आहे, ती मूल्यमापनाच्या दृष्टीने फार मोलाची. १९५६ साली त्याच संशोधकांनी बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली. चालकांच्या विजारीचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा होता, आणि तोही नोकरीच्या सुरुवातीपासूनच! म्हणजे सगळा फरक पायऱ्यांचा नव्हता. चालक होणारा माणूस मुळातच थोडा स्थूल होता. दोन गट शेजारी ठेवून फरक दिसला की लगेच कारण सापडले असे मानू नये, हा धडा विजारीच्या मापाने दिला. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

दुसरा अभ्यास तर थेट सरकारी नोकरांचा. १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉल भागातील, म्हणजे तिथल्या सचिवालयातील, १७ हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. आपला समज असा, की ताण साहेबाला आणि शिपाई निवांत. निष्कर्ष उलटा निघाला. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीत सर्वांत कमी आणि खालच्या श्रेणीत सर्वांत अधिक, सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे जमेस धरले तरी या फरकाचा निम्माही उलगडा होत नव्हता. १९८५ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियांसह १०,३०८ कर्मचारी घेतले गेले. ज्याला आपल्या कामावर स्वतःचा ताबा नाही, काय करायचे आणि केव्हा करायचे हे ज्याच्या हाती नाही, त्याला धोका अधिक, असे त्यातून पुढे आले.

आपल्या कचेरीला हे लावून पाहा. अचानक आलेली माहिती 'आजच्या आज' पाठवायची, बदलीची टांगती तलवार, निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे काम नेहमीच्या कामावर, मार्च अखेरीची धावपळ. या गोष्टींना योगासनाच्या पाच मिनिटांनी पुरे उत्तर मिळत नाही.

घोळ कुठे होतो?

एक उदाहरण देतो. तालुक्याच्या एका कचेरीतले अव्वल कारकून, वय बावन्न. कार्यालयात शिबिर झाले, त्यात त्यांचा रक्तदाब १७० वर १०६ निघाला. कार्डावर लिहिले गेले, 'फिजिशियनला दाखवणे'. दिवस मार्चचे. त्यांनी कार्ड टेबलाच्या खणात टाकले. त्रास काहीच नव्हता. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. जुलैमध्ये एका पहाटे उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. चार महिन्यांनी त्यांच्या पत्नी कचेरीतले सामान आणायला गेल्या, तेव्हा ते कार्ड खणात जसेच्या तसे होते.

आता विचार करा. त्या शिबिराच्या अहवालात हे गृहस्थ 'लाभार्थी' म्हणून मोजले गेले आहेत. अहवालात खोटे काहीच नाही. पण जे मोजायला हवे ते मोजलेच गेले नाही. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. रक्तदाब सापडणे ही पहिली पायरी. डॉक्टरकडे पोहोचणे दुसरी. गोळी सुरू होणे तिसरी. ती रोज घेत राहणे चौथी. आणि दाब १४० वर ९० च्या खाली येणे ही पाचवी. पक्षाघात टळतो तो पाचव्या पायरीवर. आपली बहुतेक शिबिरे पहिल्या पायरीवर आभार मानून संपतात.

हिशेब मांडण्याची रीत

समजा, एका कार्यालयात २०० कर्मचारी आहेत. शिबिराला १२० आले. त्यातील ४० जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. महिनाभरात त्यांतील २२ जण डॉक्टरकडे गेले. तीन महिन्यांनंतर गोळ्या नियमित घेणारे १८ उरले, आणि दाब आटोक्यात आलेले १०. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असा गळतीचा जिना प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचा आहे.

पहिला अहवाल म्हणेल, '१२० जणांनी लाभ घेतला.' दुसरा, खरा अहवाल म्हणेल, '४० पैकी १० जणांचा रक्तदाब आटोक्यात आला.' म्हणजे चारांत एक. तरीही चित्र पुरे नाही. जे ८० जण आलेच नाहीत, त्यांच्यातही तेच प्रमाण धरले तर सव्वीस-सत्तावीस जणांचा रक्तदाब वाढलेला असणार, आणि तो कोणालाच ठाऊक नाही. मग एकूण ६६ पैकी १० असा हिशेब होतो, शेकडा पंधरा. त्याच शिबिराचे हे तीन आकडे. पहिल्याने सत्कार होतो, तिसऱ्याने काम कळते.

म्हणून कोणत्याही कार्यालयाने आपल्या कार्यक्रमाला पुढील पाच प्रश्न विचारावेत :

१) एकूण किती जणांपैकी किती आले? आणि न आलेले कोण?

२) दोष आढळलेल्यांपैकी किती जण महिन्याभरात डॉक्टरपर्यंत पोहोचले?

३) सहा महिन्यांनी किती जण औषध नियमित घेत आहेत?

४) वर्षाने किती जणांचा रक्तदाब, साखर, कमरेचा घेर सुधारला? तंबाखू खाणाऱ्यांपैकी किती जणांनी ती सोडली?

५) कार्यालयात कायमचे काय बदलले? पाणी, स्वच्छतागृह, चहातली साखर, बैठकीतला नाश्ता, बसण्याची सोय.

यासाठी संगणक प्रणालीची गरज नाही. बारनिशीसारखी एक वही पुरते. फक्त ती वही बंद कपाटात, एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. त्याचे कारण पुढे येईल.

आकड्यांचे दोन चकवे

मूल्यमापन करताना भल्याभल्यांना फसवणारे दोन चकवे आहेत.

पहिला चकवा म्हणजे येणारेच मुळात बरे असतात. लंडनच्या विजारीचा धडा हाच. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाने २०१६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मोठा आरोग्य कार्यक्रम सुरू केला. तपासणी, प्रश्नावली, निरनिराळे वर्ग आणि भाग घेतल्याबद्दल पैसेही. सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांतून कोणाला कार्यक्रम मिळणार आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवण्यात आले. नुसते भाग घेणारे व न घेणारे यांची तुलना केली तेव्हा कार्यक्रम उत्तम वाटला. पण चिठ्ठीने पाडलेले दोन गट पाहिले तेव्हा दोन वर्षांनंतरही वजन, रक्तदाब, औषधोपचाराचा खर्च यांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. जे उत्साहाने आले ते आधीपासूनच निरोगी होते! सकाळी फिरायला जाणारा माणूसच योग शिबिराला पहिल्या रांगेत असतो; ज्याला खरी गरज तो 'कामात आहे' म्हणून येत नाही.

दुसरा चकवा म्हणजे आपोआप उतरणारा आकडा. रक्तदाब दिवसभर खाली-वर होत असतो. जिना चढून, चहा घेऊन, रांगेत उभे राहून आलेल्या माणसाचा दाब त्या क्षणी चढलेला असतो. अशा चढलेल्या ४० जणांना निवडून महिन्याने पुन्हा मोजले तर काहीही उपचार न करता बऱ्याच जणांचा दाब उतरलेला दिसेल, आणि श्रेय शिबिराला मिळेल. यासाठी दोन पथ्ये पाळावीत. दाब मोजण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, आणि दोनदा मोजून नोंद करावी. दुसरे, एका दिवसाच्या मोजणीवर कोणाला 'रुग्ण' ठरवू नये. दुसऱ्या दिवशी खात्री करावी. मात्र आकडा १८० वर ११० किंवा त्याहून अधिक असेल तर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कार्यक्रमाची परीक्षा प्रामाणिकपणे करायची तर उपाय सोपा आहे. एका तालुक्यातील दोन सारखी कार्यालये घ्यावीत. एकात यंदा, दुसऱ्यात पुढच्या वर्षी कार्यक्रम. कोण आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवावे. वर्षअखेरीस दोन्हीकडे सर्वांची मोजणी करावी. कोणी वंचित राहत नाही आणि फरक खरा की भास, हे कळते.

मग उपयोग होतो कशाचा?

इलिनॉयच्या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही. आपल्याच देशातील औद्योगिक वसाहतींत चार वर्षे चाललेल्या एका कार्यक्रमाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पोस्टर, पुस्तिका, व्याख्याने यांच्या जोडीला व्यक्तिशः सल्ला आणि जोखमीच्या माणसांचा पाठपुरावा, असे त्याचे स्वरूप होते. जिथे तो राबवला तिथे कर्मचाऱ्यांचे वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर या बाबतींत सुधारणा झाली. तुलनेसाठी घेतलेल्या ठिकाणी तशी झाली नाही.

दुसरे उदाहरण तर सरकारी यंत्रणेतलेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. त्याची युक्ती साधी : औषधांची ठरावीक पद्धत, गोळ्यांचा अखंड पुरवठा, परिचारिका व कर्मचाऱ्यांनी वाटून घेतलेले काम, घराजवळ औषध आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. यश मोजण्याचा आकडा एकच, शेवटच्या भेटीत दाब १४० वर ९० च्या खाली आहे की नाही. किती शिबिरे झाली हा आकडा तिथे यशाचा मानला जात नाही. कचेरीने उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे.

हे निकडीचे का, तेही पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यात ओढणारे थोडे, चघळणारे फार. सरकारी इमारतीच्या जिन्याचे कोपरे पाहिले तर या आकडेवारीवर वेगळी साक्ष लागत नाही.

कोण राहून जाते?

क्षेत्रफळाने आपला जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, तालुके चौदा. शिबिर बहुधा जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या मुख्य कचेरीत, कामाच्या दिवशी, दुपारी. अकोल्याच्या डोंगरातल्या शाळेवरचा शिक्षक शंभरावर किलोमीटर येणार कसा? बंदोबस्तावरचा पोलीस, मुक्कामी गाडी घेऊन गेलेला एस.टी. चालक, रात्रपाळीची परिचारिका, सजावर गेलेला तलाठी हे सगळे न आलेल्यांच्या यादीत पडतात. पाच दिवसांचा आठवडाही यांतल्या अनेकांना नाही. आणि कंत्राटी सफाई कामगार, डाटा एंट्री करणारी मुलगी, मानधनावरची माणसे तर यादीतच नसतात. व्हाइटहॉलचा धडा आठवा. धोका खाली अधिक, आणि आपली तपासणी वरून सुरू होते. हे उलटे करावे लागेल. शिबिर एकाच जागी न भरवता प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडावे, केंद्रप्रमुखांच्या बैठकीच्या दिवशी, आगारात पाळी बदलताना, पोलीस मुख्यालयात कवायतीच्या दिवशी मोजणी करावी.

महिला कर्मचाऱ्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. अनेक ठिकाणी स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण कुलूपबंद, पाण्याविना. परिणामी भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने हैराण होतात. अशा कार्यालयात महिलादिनी व्याख्यान ठेवण्याआधी त्या कुलपाची किल्ली ठेवावी. रक्तक्षयाची तपासणी, तिशीनंतर स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी हेही कार्यक्रमात हवे. आणि तपासणारी डॉक्टर महिला असेल तर उपस्थिती वाढते.

गुपित राखा, भीती घालू नका

आरोग्य तपासणी ही चौकशी नव्हे. अमुकची साखर किती, हे चहाच्या टपरीवर चर्चेला आले तर पुढच्या वर्षी कोणी हात पुढे करणार नाही. बदली-बढतीवर परिणाम होईल अशी शंका आली तर आजार लपवले जातील. म्हणून नाववार नोंद डॉक्टर व तो कर्मचारी यांच्यातच राहावी. साहेबांकडे फक्त एकत्रित आकडे जावेत.

२०२३ साली आसाम पोलीस दलाने सर्वांचे वजन-उंचीचे गुणोत्तर मोजून ३० च्या वर असणाऱ्यांना कमी करण्यासाठी मुदत दिली, नंतर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय ठेवला. थायरॉइडसारखे वैद्यकीय कारण असणाऱ्यांना सूट होती. दलाच्या शिस्तीला असे करडे पाऊल शोभेल. पण कारकुनाच्या कचेरीत भीतीने लोक उपाशी राहतात, मोजणी होते आणि वजन परत येते. आपल्याकडे वजनापेक्षा कमरेची पट्टी अधिक खरे बोलते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की सावध व्हावे.

कमी खर्चाची सुधारणा

कार्यालय प्रमुखांनी मनावर घेतले तर पुढील गोष्टींना मोठी तरतूद लागत नाही :

• प्रत्येक मजल्यावर पिण्याचे स्वच्छ पाणी आणि वापरता येतील अशी, महिला-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहे.

• सामूहिक चहा बिनसाखरेचा. साखर बाजूला, ज्याला हवी त्याने घ्यावी. दिवसाला सहा कप घेणाऱ्याची बरीच साखर यानेच वाचते.

• बैठकीत वडा, भजी, फरसाण यांऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळी, पेरू, मोड आलेली मटकी.

• दर तासाला दोन-तीन मिनिटे खुर्ची सोडणे. नस्ती शिपायाहाती न पाठवता कधी स्वतः नेणे. पायी जाता येईल तिथे पायी जाणे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे हे ध्येय असावे.

• कार्यालयात चांगले रक्तदाब यंत्र, आणि ते वापरायला शिकलेले दोन कर्मचारी. महिन्यातून एक ठरलेला दिवस.

• तंबाखूबंदीचा फलक लावण्याबरोबरच सोडू इच्छिणाऱ्याला मदत. सोबत्याने सोबत्याला धरून सोडवणे सर्वांत सोपे.

• मनावर ताण, झोप न येणे, निराशा यांसाठी 'टेलि-मानस' हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो सूचना फलकावर मोठ्या अक्षरात लावावा. दारूच्या व्यसनात अडकलेल्या सहकाऱ्याची बदनामी न करता त्याला उपचाराकडे वळवावे.

• 'आजच्या आज' ही सूचना खरोखर तातडीच्याच पत्रावर लिहावी. हे औषध फक्त साहेबांच्या हातात आहे.

आणि आपण स्वतः?

कर्मचारी बंधू-भगिनींनो, सगळे सरकारवर सोपवून चालणार नाही. चाळिशी उलटली असेल तर आपल्या आस्थापना शाखेत तपासणीच्या सवलतीची चौकशी या महिन्यातच करा. एक छोटी वही ठेवा. तारीख, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कमरेचा घेर, एवढे चार रकाने पुरेत. दरमहा नसले तरी तीन महिन्यांनी भरा. शिबिरात मिळालेले कार्ड कचेरीच्या खणात ठेवू नका. घरी नेऊन पत्नीच्या किंवा पतीच्या हाती द्या. घरच्यांनीही ते मागून घ्यावे. पगाराची पावती आपण पाहतो, तसेच हे कार्ड पाहावे. 'काही त्रास नाही' म्हणून गोळी बंद करू नका. रक्तदाब आणि मधुमेह सुरुवातीला त्रास देतच नाहीत, आणि जेव्हा देतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

कर्मचारी संघटनांनाही एक विनंती. महागाई भत्ता, पेन्शन यांसाठी आपण निवेदने देता, ती द्यावीतच. त्याच निवेदनात एक ओळ वाढवा : गेल्या वर्षीच्या शिबिरात दोष आढळलेल्या आमच्या सहकाऱ्यांपैकी किती जणांवर उपचार सुरू आहेत, याची एकत्रित माहिती द्यावी. मागणीला पैसा लागत नाही. फक्त वही उघडावी लागते.

पेन्शन निवृत्तीनंतर सुरू होते. ती घेऊन नातवंडांसोबत मोहटादेवीला, भंडारदऱ्याला जायचे तर दोन्ही पाय चालते हवेत आणि डोळ्यांना दिसायला हवे. पुढच्या वेळी कचेरीत शिबिर भरेल तेव्हा अवश्य जा, तपासून घ्या आणि निघताना आयोजकांना नम्रपणे विचारा, 'मागच्या वेळच्यांचे पुढे काय झाले?' हा प्रश्न चार ठिकाणी विचारला जाऊ लागला, की पाचव्या ठिकाणी त्याचे उत्तर तयार ठेवले जाईल.